दुनळीच्या नळ्या मूळच्या की बदललेल्या?

जुन्या विलायती दुनळी बंदुकीचं सगळं मिरवणं वरच्या अंगाला असतं: मेकरचं नाव, लंडनचा पत्ता, नक्षी. कामाची माहिती असते खालच्या अंगाला, नळ्यांखालचं लाकूड, म्हणजे फोर-एंड, काढल्याशिवाय न दिसणाऱ्या सपाट जागेवर. विकणारा बंदूक वरून दाखवतो. घेणाऱ्यानं ती खालून बघावी.

इथे मुख्यतः इंग्लंडमध्ये बनलेल्या, शेजारी-शेजारी नळ्या असलेल्या बारा बोअरच्या बंदुकांबद्दल लिहिलं आहे, साधारण १८७० ते १९४० या काळातल्या. संस्थानिकांच्या, इनामदारांच्या आणि शिकारी घराण्यांच्या पेट्यांमधून आपल्याकडे उरल्या त्या बहुतेक याच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली तशा त्या पेटीतच राहिल्या, पण त्याआधीची पन्नास-साठ वर्षं त्यांनी भरपूर काम केलेलं असतं. त्या काळात कुणाच्या नळीच्या तोंडात चिखल जाऊन ती फुटली, कुणाला आतून गंज लागला, कुणी नव्या लांब काडतुसांसाठी चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, वाढवून घेतलं. दुरुस्ती प्रत्येक वेळी झाली, तिची नोंद प्रत्येक वेळी झाली नाही.

एकच खूण बघून निकाल देता येत नाही. नळी घडली तेव्हा तिच्यावर काही आकडे ठोकले गेले आणि आज मोजल्यावर काही आकडे येतात. या दोहोंतला फरक वाचणं हेच खरं काम. बाकीच्या खुणा त्याला दुजोरा द्यायला किंवा शंका घ्यायला.

खोलून बघताना

बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही चेंबर रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही तपासा. मग फोर-एंड काढा, नळ्या उतरवा, खालचा सपाट भाग मऊ फडक्यानं आणि थोड्या तेलानं पुसा. सँडपेपर, वायर ब्रश, लिंबू, ॲसिड यातलं काही लावू नका. ठसे आधीच अर्धे पुसट झालेले असतात, उरलेले आपल्या हातानं जायला नकोत.

पहिलं बघायचं ते नंबर. चांगल्या इंग्लिश बंदुकीवर एकच अनुक्रमांक नळ्यांखाली, ॲक्शनवर (नळ्या ज्याला जोडतात त्या लोखंडी सांगाड्यावर) आणि फोर-एंडच्या लोखंडावर असतो. ट्रिगर गार्डच्या शेपटीवरही बहुधा कोरलेला असतो. तिन्ही-चारही जागी तोच आकडा हवा, आणि आकड्यांचं वळणही तेच हवं. एका जागी ४ उघड्या तोंडाचा आणि दुसरीकडे बंद तोंडाचा असेल, किंवा नळीवरचा नंबर खोल, ताजा आणि धारदार असून शेजारचे ठसे झिजलेले असतील, तर तो नंबर नंतर ठोकला आहे. नंबर जुळला म्हणजे नळ्या मूळच्याच, असंही नाही. मेकरनं स्वतः नव्या नळ्या बसवल्या तर तो तोच नंबर पुन्हा घालतो. मूळ ऑर्डरबरोबरच नळ्यांचे दोन जोड घेतले असतील तर दोन्हींवर नंबर एकच असतो. म्हणजे नंबर जुळला नाही तर प्रश्न नक्की आहे, जुळला तर एवढ्यावर उत्तर मिळत नाही.

वरचा पत्ताही तारीख सांगतो. लंडनचे बंदूक बनवणारे पर्डी, त्यांचं दुकान १८८२ साली साउथ ऑडली स्ट्रीटवरच्या ऑडली हाउसमध्ये गेलं. अनुक्रमांक १८७० च्या दशकातला आणि रिबवर, म्हणजे दोन नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या पट्टीवर, ‘ऑडली हाउस’ असेल, तर एक तर नळ्या नव्या, नाहीतर पत्ता नंतर कोरलेला. व्हिटवर्थ या इंग्लिश कारखानदाराच्या पोलादाचा शिक्काही असाच उपयोगी पडतो. इंग्लिश बंदुकांवर त्या नळ्या १८८० च्या आसपास दिसू लागल्या, त्यामुळे १८७२ च्या बंदुकीवर त्या मूळच्या असू शकत नाहीत. पर्डीसारख्या जुन्या घराण्यांच्या विक्रीवह्या टिकून आहेत. फी भरून चौकशी केली की नळ्यांची मूळ लांबी आणि चोक, म्हणजे तोंडाजवळचा अरुंदपणा, हेही कळू शकतं. नुसत्या तर्कापेक्षा ते पत्र मोलाचं.

प्रूफचे ठसे कसे वाचायचे

इंग्लंडमध्ये नळी विकण्याआधी प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाचा बार भरून तपासावी लागते, आणि टिकली तर तिच्यावर ठसे पडतात. प्रूफ हाउस दोन. लंडनचं तिथल्या गनमेकर्स कंपनीचं, तिची सनद १६३७ ची. बर्मिंगहॅमचं १८१३ चं. नियम वेळोवेळी बदलत गेले, ठसेही बदलले, म्हणून ठशांवरून काळ लावता येतो.

‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे गोळीसाठी नव्हे, हे शब्द दिसले तर नळी १८७५ ते १८८७ मधली. चोक काढलेल्या नळीत अखंड गोळी अडकू नये म्हणून तो इशारा असे. पुढे त्याऐवजी ‘चोक’ हा शब्द आला. चौकोनी हिऱ्यात १२ आणि त्याखाली सी हा चेंबरचा ठसा, तोही १८८७ पासूनचा. लंडनचा बिनधुराच्या दारूचा ठसा, म्हणजे वाकवलेल्या चिलखती हातात तलवार आणि खाली एन-पी, १९०४ पासूनचा. बर्मिंगहॅममध्ये जुनी खूण मुकुटाखाली फुलीसारखे राजदंड, १९०४ पासून मुकुटाखाली बी-पी आणि बी-व्ही, आणि १९५४ च्या नियमांनंतर मुकुटाखाली बी-एन-पी. १९५४ च्या नंतर बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, दशांशात लिहू लागले, उदाहरणार्थ ०.७२९ इंच, शेजारी चेंबरची लांबी २ १/२ इंच आणि दाब टनांत. बर्मिंगहॅममध्ये १९२१ पासून वर्ष सांगणारं अक्षरही ठोकत असत. मध्ये काही वर्षं ते बंद होतं, १९५० पासून पुन्हा आलं.

समजा, बंदुकीचा नंबर १८८९ चा आहे. नळ्यांखाली १८८७ च्या पद्धतीचे ठसे आहेत आणि त्याशिवाय १९५४ नंतरचे ठसेही आहेत. याचा अर्थ नळ्या जुन्याच, पुढे कधीतरी पुन्हा तपासून घेतल्या. मुकुटाखाली आर हा फेरतपासणीचा ठसाही अशा वेळी सापडतो. पण ॲक्शनवर जुने ठसे आणि नळ्यांवर फक्त १९५४ नंतरचे, जुना एकही नाही, तर नळ्या नव्या बसवलेल्या आहेत. एकावर एक ठसे असणं ही चांगली गोष्ट, जुने ठसेच नसणं ही विचारायची गोष्ट. बरेच जण हे उलटं वाचतात आणि ठशांची गर्दी बघून बंदूक नाकारतात.

जुन्या बंदुकांवर कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा या दुकानांची नावं वारंवार येतात. (१९१४ मध्ये क्रांतिकारकांनी पन्नास माउझर पिस्तुलं पळवली ती याच रॉडाच्या मालातून.) वर कलकत्ता आणि खाली बर्मिंगहॅमचे ठसे, यात विसंगती काहीच नाही. माल तिकडे बनायचा, नाव दुकानाचं पडायचं.

आतली मापं: खरा पुरावा

बारा बोअर म्हणजे काय ते आधी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोअर: ०.७२९ इंच. तेरा गोळ्या केल्या तर ०.७१० इंच. मधल्या पायऱ्यांसाठी प्रूफ हाउस १३/१ असं लिहायचं, म्हणजे ०.७१९. बाराच्या वरची पायरी १२/१, म्हणजे ०.७४०. नळीत जाईल तो सर्वांत मोठा गेज घालून बघायचा आणि त्याचा आकडा ठोकायचा, अशी रीत होती. म्हणून १३ हा ठसा ‘बरोब्बर ०.७१०’ असं सांगत नाही. १३ चा गेज गेला आणि १३/१ चा गेला नाही, म्हणजे बोअर ०.७१० ते ०.७१९ च्या मध्ये होतं, एवढंच तो सांगतो. बंदूक बारा बोअरची आणि ठसा तेराचा, याचं कोडं अनेकांना पडतं. त्यात गैर काही नाही. काडतूस बाराचंच, नळी थोडी घट्ट घडवलेली.

आज मोजायचं ते चेंबरच्या मागच्या टोकापासून ९ इंच आत, कारण प्रूफ हाउसही तिथलंच माप धरत असे. तीन पायांचा बोअर गेज लागतो. साधा व्हर्नियर तिथवर पोचत नाही. माप इंचाच्या हजाराव्या भागात घ्यायचं, लेथवाले ज्याला थाउ म्हणतात.

ठसा १३ आणि आज बोअर ०.७३० भरलं असं धरा. ठोकताना ते जास्तीत जास्त ०.७१९ होतं. म्हणजे निदान ११ थाउ माल आतून गेला आहे. गंजाचे खड्डे काढायला कुणीतरी नळी घासली, म्हणजे होन केली. व्यासात ११ थाउ गेले म्हणजे प्रत्येक बाजूच्या भिंतीतून साडेपाच. जुन्या नियमांत १० थाउ वाढ झाली की प्रूफ संपलं असं धरत. म्हणजे ही बंदूक इंग्लंडमध्ये फेरतपासणीशिवाय विकताच आली नसती.

यानंतर भिंतीची जाडी मोजावी, आणि ती प्रत्येक नळीची सगळीकडून. पूर्वी पडलेले पोचे ठोकून बाहेर काढताना आणि वरून घासताना एकाच बाजूचा माल जातो. सर्वांत पातळ जागी २० थाउ म्हणजे अर्धा मिलिमीटर, एवढं तरी हवं असं इंग्लिश गनमेकर सर्वसाधारणपणे धरतात. हा कायद्याचा आकडा नाही, व्यवहारातला आहे. नळी फुटायची ती सरासरी जाडीवर फुटत नाही, सर्वांत पातळ ठिपक्यावर फुटते. म्हणून ‘२८ थाउ आहे’ असं कुणी सांगितलं तर ‘कुठे?’ हा प्रश्न आधी.

चोकची गंमतही इथेच कळते. चोक म्हणजे तोंडाजवळ नळी अरुंद करणं, म्हणजे छर्रे कमी पसरतात. त्याचं माप बोअर वजा तोंड: ४० थाउच्या आसपास फुल, २० हाफ, ५ ते १० इंप्रूव्ह्ड, शून्य म्हणजे सिलिंडर. वरच्याच नळीचं तोंड आज ०.७०५ भरलं तर वजाबाकी २५ येते आणि विकणारा ‘हाफच्या वर’ म्हणून सांगतो. पण मूळ बोअर ०.७१२ असेल तर मूळ चोक फक्त ७ थाउ होता. चोक कुणी वाढवला नाही, मागचा बोअर मोठा झाला. तोंड तेवढंच राहिलं.

अमेरिकेत डाइमचं नाणं तोंडावर ठेवून फुल चोक ओळखायची रीत आहे. ते नाणं १७.९ मिलिमीटरचं, फुल चोकचं तोंड साधारण १७.६. पण बोअर ठाऊक नसेल तर नाणं फक्त तोंडाचा व्यास सांगतं, चोक सांगत नाही.

आखूड केलेली नळी

लांबी मागच्या सपाट टोकापासून तोंडापर्यंत टेपनं मोजा. इंग्लिश नळ्या बहुतेक २८ किंवा ३० इंची, पाव-अर्ध्या इंचाचा फरक दुर्मीळ नाही. २६ १/४ किंवा २७ ५/८ असं काही आलं तर कान टवकारावेत, निकाल देऊ नये. लंडनचा गनमेकर रॉबर्ट चर्चिल यानं १९२० च्या दशकात मुद्दाम २५ इंची बंदुका आणल्या होत्या, उंच अरुंद रिबच्या. त्या आखूड केलेल्या नाहीत, आखूड जन्मलेल्या आहेत.

आता तोंड समोर धरा. दोन नळ्या मागे दूर असतात आणि पुढे एकमेकींकडे झुकत जातात, म्हणून मूळ तोंडाशी त्या जवळजवळ चिकटलेल्या दिसतात. वर-खाली त्यांच्यामध्ये नेटकी पाचर असते. पुढचा तुकडा कापला की दोघींमध्ये फट उघडते, आणि ती कथिल ओतून किंवा लोखंडाचा तुकडा घालून बुजवलेली असते. चार इंच कापले तर ते लांबून कळतं. एक इंच कापला असेल तर फटीवर विसंबू नये.

त्यापेक्षा रिब बघा. इंग्लिश रिब बहुधा मधे खोलगट असते आणि तोंडाजवळ येताना पुन्हा वर चढते, त्या चढावर माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, बसवलेली असते. कापलेल्या बंदुकीत रिब खाली उतरत असतानाच संपते आणि माशी सपाटीवर किंवा उतारावर बसलेली दिसते. एक डोळा मिटून मागून पुढे बघितलं की हे पटकन लक्षात येतं. कापणारा चोक पुन्हा तयार करू शकतो, रिबचा चढ तयार करणं मात्र त्याला सहसा परवडत नाही.

चोक असतो तोंडाच्या दीड-दोन इंचात. दोन इंच कापले की तो गेला. इंग्लिश दुनळीत उजवी नळी मोकळी आणि डावी घट्ट अशी पद्धत. दोन्ही नळ्या शून्य आणि खाली ‘चोक’ किंवा ‘नॉट फॉर बॉल’ ठोकलेलं असेल, तर एक तर चोक घासून काढला किंवा तोंड कापलं. याउलट १८७० च्या आधीच्या बंदुकीत चोक नसणं हेच मूळचं. पेप या इंग्लिश गनमेकरनं चोकचं पेटंट १८६६ मध्ये घेतलं आणि ग्रीनर या दुसऱ्या गनमेकरनं तो लोकप्रिय केला १८७४-७५ च्या सुमारास. ‘चोक नाही म्हणजे कापली’ असं म्हणणाऱ्याला आधी बंदुकीचं साल विचारावं.

हुशार कारागीर कापलेल्या नळीत तोंडाच्या जरा मागे बोअर मोठा करतो, म्हणजे तोंड आपोआप अरुंद ठरतं. याला ‘जग-चोक’ म्हणतात (जग म्हणजे पाण्याचा जग). बोअर गेज इंचाइंचानं पुढे नेला तर पकडता येतो: माप आधी स्थिर, मग अचानक मोठं, मग तोंडाशी पुन्हा मूळ बोअरएवढं.

आणि वजन. बारा बोअरची इंग्लिश गेम गन, म्हणजे शिकारीची बंदूक, साडेसहा पौंडांच्या, म्हणजे पावणेतीन-तीन किलोच्या आसपास असते आणि बिजागरीच्या खिळ्याजवळ तोल साधते. पुढचा इंच कापला की साधारण एक औंस जातो, पण तो टोकाचा असल्यामुळे तोल लगेच दस्त्याकडे सरकतो. बंदूक खांद्याला पटकन येते आणि फिरवताना थांबत-थांबत जाते.

स्लीव्ह केलेली नळी

नळ्या फार पातळ झाल्या की पूर्ण नव्या घडवणं महाग पडतं. मग जुन्या नळ्या मागून तीन-साडेतीन इंचांवर कापतात, मागचा खुंट त्याच्या लम्पसकट, म्हणजे ॲक्शनमध्ये अडकणाऱ्या खालच्या लोखंडी उंचवट्यासकट, ठेवतात आणि त्यात नव्या नळ्या घालून जोडतात. याला स्लीव्हिंग म्हणतात. काम प्रामाणिक आणि तपासलेलं असेल तर बंदूक वापरायला उत्तम, फक्त मूळची राहत नाही. इंग्लंडच्या प्रूफ हाउसमधून अशी बंदूक गेली तर तिच्यावर ‘स्लीव्ह्ड’ असा शब्द पडतो. भिंगानं तो शोधा.

तो नसेल तर सांधा शोधा. मागच्या टोकापासून तीन-साडेतीन इंचांवर, खिडकीतल्या तिरप्या उजेडात, नळी हळूहळू फिरवत बघा. केसाएवढी गोल रेघ दिसेल. पुष्कळदा ती लपवायला तिथेच नक्षीचा पट्टा कोरलेला असतो, म्हणून बरोबर त्या जागी आलेली आणि बाकीच्या नक्षीशी न जुळणारी कड संशयास्पद. वेल्डिंग करून घासलं असेल तर बाहेरून रेघ सापडत नाही, पण आत चेंबरच्या पुढे कधी कधी बारीक वळं दिसतं. डमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या, नळ्यांत हे सर्वांत सोपं: मागच्या खुंटावर वेलीसारखी वळणं आणि पुढे साधं काळं पोलाद. वळणं तोंडापर्यंत अखंड जात असतील तर त्या स्लीव्ह केलेल्या नाहीत. मात्र स्वस्त बंदुकांवर साध्या पोलादावर डमास्कसचं चित्र उठवायचीही चाल होती. फोर-एंडखाली किंवा दोन नळ्यांच्या सांध्यात ती वळणं नाहीशी होतात.

१८५०-६० च्या पिनफायर बंदुका (काडतुसाच्या बाजूला निघालेल्या पिनेवर घाव बसून उडणाऱ्या) पुढे सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर घाव बसणाऱ्या) करून घेतल्या गेल्या. त्यांत नळीच्या मागच्या काठावर वरच्या बाजूला काडतुसाच्या पिनेसाठी खाच असते, ती बुजवलेली दिसते. बदल खरा, पण बहुधा त्या काळातलाच.

चेंबर, काळा रंग आणि आवाज

चेंबर मूळचं २ १/२ इंची, आज ज्याला ६५ मिलिमीटरचं म्हणतात ते. आजची बहुतेक काडतुसं ७० ची. ‘आजची चालतात’ असं कुणी सांगितलं तर चेंबर वाढवलंय का हे प्लग गेजनं मोजून घ्या. वाढवताना नेमका जिथे दाब सर्वांत जास्त तिथला माल कापला जातो. खाली ठसा २ १/२ आणि माप २ ३/४ म्हणजे बदल, आणि फेरतपासणीचा ठसा नसेल तर तो न तपासलेला बदल.

जुना काळा रंग गंज चढवून, घासून, पुन्हा चढवून आणलेला असतो, मऊ आणि खोल. आजच्या गरम क्षारांच्या कढईत बुडवलेली नळी एकसारखी चकचकीत काळी दिसते. त्या क्षारांनी रिबचं कथिल खाल्लं जातं. म्हणून नळ्या लम्पला दोरी बांधून टांगा आणि बोटाच्या पेरानं हलकेच ठोका. घंटेसारखा लांबणारा नाद यायला हवा. फुटक्या भांड्यासारखा खरखरला तर रिब कुठेतरी सुटली आहे.

बेल्जियमच्या बंदुका वेगळ्या, त्यांवर लिएजचा अंडाकृती ई-एल-जी ठसा. जर्मन बंदुकांवर मुकुटाखालचा डब्ल्यू हा चोकचा. तो आहे आणि आज चोक नाही, तर निष्कर्ष वरचाच. अमेरिकन विंचेस्टर, एल. सी. स्मिथ यांच्या जुन्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी संग्रहालयाकडे आहेत. पार्कर बंदुकांवर घासण्याआधीच्या नळ्यांचं वजनही ठोकलेलं असे. आजच्या वजनाशी ते ताडून बघता येतं.

आपल्याकडचा कायदा

भारतात हा छंदाचाच विषय राहत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ नुसार त्यासाठीचा परवाना नसताना नळी आखूड करता येत नाही. कलम ८ नुसार नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, बदलणं किंवा खोटी ठोकणं गुन्हा आहे. म्हणजे कापलेली नळी कळल्यावर ती ‘नीट करून’ घ्यायचा मोह टाळायचा, आणि पुसट नंबर ‘जरा ठळक’ करायलाही कुणाला सांगायचं नाही. मापं घ्यायची ती परवानाधारक शस्त्रदुकानात, मालकाच्या परवान्यासकट. तिथे बोअर गेज नसेल तर ‘बघून सांगतो’ या उत्तरावर पैसे मोजू नयेत. दोन्ही नळ्यांचं ९ इंचांवरचं बोअर, तोंडाचं माप, सर्वांत पातळ जागा आणि तिचं ठिकाण, चेंबरची लांबी, एकूण लांबी: एवढे आकडे लिहून घ्यावेत आणि खालच्या ठशांचा तिरप्या उजेडातला फोटो त्यालाच जोडून ठेवावा.